अजाइल टीमवर कंट्रोल ठेवायचा, पण तिचा गळा न दाबता, हे कसं जमवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कंपनीत चार टीम अजाइलने (म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, दर काही आठवड्यांनी दाखवत) काम करतायत, टीमवाले खूष आहेत, पण वरच्या मंडळींना आणि फायनान्सला कळत नाही की पैसा नक्की जातोय कुठं, म्हणून त्यांनी आता दर महिन्याचा जाडजूड स्टेटस रिपोर्ट, स्कोप फ्रीज (काय काय करायचं ते आधीच गोठवणं), प्रत्येक बदलाला मंजुरीचा फॉर्म हे सगळं परत आणलंय, आणि टीम म्हणतेय की मग याला अजाइल कशाला म्हणायचं. दोघांचंही बरोबर आहे. पैसे देणाऱ्याला हिशोब मागायचा हक्क आहे, आणि टीमला दर आठवड्याला तीन सह्यांची वाट बघायला लावली तर काम हलणार नाही हेही खरंच. मी बरीच वर्षं या दोघांच्या मधे बसून काम केलंय, त्यामुळं जरा लांबलचक लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. अजाइल आहे म्हणजे गव्हर्नन्स (कामावरची वरची देखरेख) नको असं कुणी कुठंही लिहून ठेवलेलं नाही. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा मॅनिफेस्टो (जाहीरनामा) लिहिला, त्याच्या मागच्या बारा तत्त्वांमधे एक सरळ आहे की प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर. माझ्या मते कंट्रोल ठेवणाऱ्यांसाठी याच्यापेक्षा चांगली भेट नाही, कारण जुन्या पद्धतीत वर्षभर फक्त कागद बघायला मिळायचे आणि इथं दर दोन-तीन आठवड्यांनी खरी वस्तू समोर येते. अडचण एवढीच की बहुतेक कमिट्या ती वस्तू बघायला जातच नाहीत, त्या अजून रिपोर्टच मागतात.

माझं म्हणणं साधं आहे. गव्हर्नन्सचं खरं काम निर्णय घेणं हे आहे, कुणी काय ठरवायचं, कशाच्या आधारावर आणि किती दिवसांत. माहिती गोळा करणं हे त्याच्या पोटातलं काम. ज्या माहितीवरून कुणी काहीच ठरवत नाही ती गोळा करायचा खर्च वाया. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं (सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेनं) २०१२ मधे अजाइल आणि गव्हर्नन्स याच विषयावर एक रिव्ह्यू केला होता, त्याचा सूरही हाच होता की गव्हर्नन्सनंसुद्धा अजाइलसारखंच वागावं, ज्यातून बिझनेसला उपयोग होतो आणि काम अडत नाही तेवढंच करावं. आणि हे म्हणणारे ऑडिटर आहेत बरं का, कोणी अजाइल कोच नाही.

तर पहिलं काम, एका पानावर लिहून काढा की कुठला निर्णय कुणाचा. एकच पान, त्याच्यापेक्षा मोठं झालं की कोणी वाचत नाही. बॅकलॉगमधे (करायच्या कामांच्या यादीत) काय वर काय खाली हे प्रॉडक्ट ओनरचं, म्हणजे कुठलं काम आधी ते ठरवणाऱ्याचं. स्क्रम गाइडमधे (स्क्रम या अजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेत) स्पष्ट लिहिलंय की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, कमिटी नसते, आणि तिच्या निर्णयांचा सगळ्या संस्थेनं मान ठेवायला पाहिजे. काम कसं करायचं हे टीमचं. सिक्युरिटी, डेटा कुठं ठेवायचा, कुठला प्लॅटफॉर्म वापरायचा, ही कुंपणं कंपनीची, ती आधीच माहीत असली पाहिजेत म्हणजे टीम कुंपणाच्या आत मोकळी फिरेल. आणि पैसे किती, कशासाठी, चालू ठेवायचं की थांबवायचं हे स्पॉन्सरचं, म्हणजे पैसे देणाऱ्या वरच्या साहेबाचं. आता मधल्या केसेसचं काय, तर मी एक साधा नियम ठेवतो, प्रॉडक्ट ओनर बॅकलॉगमधे काहीही उलटंपालटं करू शकतो जोपर्यंत तीन गोष्टी हलत नाहीत: प्रॉडक्टचं ध्येय, त्या तिमाहीचं बजेट, आणि बाहेरच्या कुणाला दिलेली तारीख. यातलं एक जरी हलणार असेल तर स्पॉन्सरकडं जायचं आणि स्पॉन्सरनं दोन कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. हे दोन दिवस लिहून ठेवा, मोघम ठेवू नका. टीमचा वेग सगळे मोजतात पण कमिटीला उत्तर द्यायला किती दिवस लागतात हे कोणीच मोजत नाही, आणि मी जिथं जिथं ते मोजायला लावलं तिथं आठवड्यांचे आकडे निघाले. मोजायला सुरुवात केली की निम्मा प्रश्न आपोआप सुटतो, कारण तो आकडा बघायला कुणालाच आवडत नाही.

इथंच सगळ्यात कॉमन रोग सांगतो, नावाचा प्रॉडक्ट ओनर. म्हणजे खुर्ची आहे, पद आहे, पण प्रत्येक स्टोरीसाठी (यादीतल्या एकेका छोट्या कामासाठी) तो तीन डिपार्टमेंट हेडना विचारून येतो. अशा ठिकाणी तुम्ही कामांचा कितीही छान बोर्ड लावा, अर्धी स्प्रिंट (दोन-तीन आठवड्यांचा कामाचा टप्पा) 'कळवतो' या शब्दावर जाते. प्रॉडक्ट ओनरला अधिकार द्यायची तयारी नसेल तर त्या तीन हेडपैकी ज्याच्याकडं खरंच अधिकार आहे त्यालाच प्रॉडक्ट ओनर करा, वेळ नाही म्हणाला तर मग ते काम त्याच्यासाठी तेवढं महत्त्वाचं नाही असं समजायला हरकत नाही.

आता पैसा, कारण खरं भांडण तिथंच असतं. फायनान्सला वाटतं अजाइल म्हणजे बेभरवशाचा खर्च. उलट आहे. टीम स्थिर असेल तर दर स्प्रिंटचा खर्च जवळपास तेवढाच येतो, पगार तेच, लायसन्स तेच, वर्षाचा आकडा आजच काढता येतो. अनिश्चित असतं ते म्हणजे त्या पैशात नक्की काय मिळणार. तेव्हा फायनान्सच्या साहेबांना हे असंच समजावा की खर्चाचा आकडा मी बांधून देतो, तारीखही बांधून देतो, हलणार ते फीचर्स. डीएसडीएम नावाची अजाइल पद्धत १९९४ पासून हेच सांगते, वेळ, खर्च आणि क्वालिटी पक्की, फीचर्स मागंपुढं. त्यांचा एक अंगठ्याचा नियम मला फार आवडतो, की अगदी अत्यावश्यक अशा गोष्टींवर एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. राहिलेल्यातला 'झालं तर बरं' वाला भाग हाच तुमचा बफर. बिझनेसवाले सगळंच अत्यावश्यक म्हणून टाकतात आणि मग बफर उरतच नाही, पहिल्याच अडचणीला तारीख घसरते आणि खापर अजाइलवर फुटतं. त्यामुळं कमिटीनं महिन्याला एकदा तरी हा टक्का बघावा, मला विचाराल तर लाल-हिरव्या रंगांपेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे.

वार्षिक बजेटच्या प्रथेशी भांडत बसू नका, ती लढाई लांबची आहे. वर्षाची रक्कम वर्षालाच मंजूर होऊ दे, फक्त ती एकदम सोडू नका, तिमाहीला सोडा. आणि प्रत्येक तिमाहीच्या शेवटी खरा प्रश्न विचारा की आत्तापर्यंत जे हातात आलं ते बघून पुढच्या तिमाहीचे पैसे घालावेत का. जुन्या गेटमधे (टप्पा संपल्यावरच्या मंजुरीत) प्रश्न असायचा की डॉक्युमेंट पूर्ण आहे का, सही झाली का. गेट ठेवा की, माझी काही हरकत नाही, पण गेटवर कागदाऐवजी चालणारी वस्तू आणि वापराचे आकडे तपासा. एक सावधगिरी, ज्या खर्चाला ॲसेट म्हणून बॅलन्सशीटवर दाखवायचं असतं त्याचं आधीच ठरवून घ्या. आयएएस ३८ या हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं रिसर्चचा खर्च ॲसेट करता येत नाही, डेव्हलपमेंटचा येतो पण त्याला सहा अटी आहेत, टेक्निकली जमेल का, पूर्ण करायचा इरादा आहे का, खर्च नीट मोजता येतो का वगैरे. आता अजाइलमधे रिसर्च संपला कुठं आणि डेव्हलपमेंट सुरू झालं कुठं हे धूसर असतं, मग फायनान्स लोकांकडून तासातासाचं टाइमशीट भरून घेतं आणि सगळे खोटं भरतात. त्यापेक्षा वर्ष सुरू व्हायच्या आधी ऑडिटरबरोबर बसून एपिकच्या (कामांच्या मोठ्या गठ्ठ्याच्या) लेव्हलला टॅग ठरवा, शोधाचं काम, नवीन बांधकाम, देखभाल, आणि त्या त्या एपिकवर गेलेल्या मेहनतीवरून हिशोब काढा. एकदा बसलं की टाइमशीटची कटकट बऱ्याच अंशी जाते.

पुरावा कुठला मागायचा, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या धंद्यात कलिंगड रिपोर्ट म्हणतात, बाहेरून हिरवा आणि कापला की लाल. हा कोणी मुद्दाम खोटं बोलल्यामुळं होतोच असं नाही, प्रत्येक पायरीवर माणूस थोडंसं गुळगुळीत करतो, टीम लीड म्हणतो जरा अडलंय, मॅनेजर म्हणतो मार्ग निघेल, वर पोचेपर्यंत सगळं छान. ब्रिटनचा युनिव्हर्सल क्रेडिट प्रोग्राम (सरकारी भत्ते एकत्र करायची योजना) याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. सुरुवातीला तो अजाइल म्हणूनच गाजवला होता, २०१३ च्या सप्टेंबरमधे ऑडिट ऑफिसचा रिपोर्ट आला त्यात निघालं की प्रोग्रामची स्वतःभोवती तटबंदी होती, वर फक्त चांगल्या बातम्या जायच्या, आणि ३.४ कोटी पाउंडाचं आयटीचं काम राइट ऑफ करायला लागलं. म्हणजे नुसतं नाव अजाइल ठेवून भागत नाही, वरच्यांना खरं दिसायची सोय पाहिजे.

याच्या उलट एफबीआयचं सेंटिनल, म्हणजे त्यांची केसेसच्या फाइली सांभाळायची सिस्टीम. २००६ मधे सुरू झालं, चार फेजचा प्लॅन, डिसेंबर २००९ ला संपायचं होतं. २०१० मधे अमेरिकेच्या न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलनं (तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं) बघितलं तर ४५.१ कोटी डॉलरच्या बजेटमधले साधारण ४०.५ कोटी खर्च झालेले आणि हातात फक्त दोन फेज. तेव्हा एफबीआयनं राहिलेलं काम थांबवलं, कंत्राटदाराकडून स्वतःकडं घेतलं, टीम बरीच लहान केली आणि स्प्रिंटमधे काम सुरू केलं. लोक ही गोष्ट 'अजाइल जिंकलं' म्हणून सांगतात, पण मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो. अजाइल आल्यावरही तारीख घसरलीच, २०११ च्या ऑक्टोबरमधे खऱ्या युजर्सना घेऊन मोठी टेस्ट केली तेव्हा सिस्टीम दोनदा बंद पडली, जुनं हार्डवेअर झेपत नव्हतं. मग ते दुरुस्त करून २०१२ च्या जुलैमधे सगळ्यांसाठी चालू केलं. वाईट बातमी लाँचच्या आधी, वापरून बघून कळली. गव्हर्नन्सकडून मला एवढंच हवं असतं, वाईट बातमी लवकर आणि न झिरपता वर यावी.

म्हणून स्पॉन्सरनं डेमोला यायचं. दर वेळी नाही जमलं तर एकाआड एक, पण स्वतः यायचं, त्याचा असिस्टंट नाही. तिथं स्लाइड्स नकोत, सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं, शक्यतो खऱ्या डेटावर, आणि स्पॉन्सरनं स्वतःच्या हातानं दोन बटणं दाबून बघायची. अर्ध्या तासात जे कळतं ते महिन्याच्या रिपोर्टमधे येत नाही. शिवाय त्याला तिथंच विचारता येतं की हे प्रॉडक्शनला कधी जाणार, आणि उत्तर ऐकताना टीमचे चेहरेही दिसतात, तोही पुरावाच आहे.

आकडे हवेतच ना, तर व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमधे टीमनं संपवलेले स्टोरी पॉइंट) वर पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतो. स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाज) ही टीमची आपापसातली भाषा आहे, स्क्रम गाइडमधे तर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ज्या दिवशी डायरेक्टरनं म्हटलं की ए टीम ५० करते आणि बी टीम ३० का, त्याच्या पुढच्या स्प्रिंटला बी टीम ५० करते, काम तेवढंच राहतं. वर काय पाठवायचं तर एखादी गोष्ट सुरू केल्यापासून युजरच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, एका वेळी किती कामं अर्धवट पडलीत, किती वेळा रिलीज झाली आणि त्यातल्या किती रिलीजनी काहीतरी मोडलं, मोडल्यावर किती वेळात उभं केलं. हे आकडे फुगवणं अवघड असतं. अर्धवट कामांचा आकडा तर खास बघा. जॉन लिटलचा १९६१ चा साधा नियम आहे, सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातातली कामं भागिले बाहेर पडायचा वेग. टीम आठवड्याला ५ गोष्टी संपवते आणि ३० उघड्या आहेत तर एकेकीला साधारण ६ आठवडे लागणारच, तुम्ही कितीही ओरडा. दहाच उघड्या ठेवल्या तर दोन आठवडे. म्हणजे 'लवकर करा' म्हणायची जबाबदारी उलटून कमिटीवरच येते, की आम्ही एकदम किती गोष्टी सुरू करायला लावल्या. प्रायॉरिटी एकच ठेवा म्हणून टीमनं किती वेळा सांगितलं तरी ऐकत नाहीत, हा भागाकार दाखवला की ऐकतात.

तारखेचा अंदाज देताना एक तारीख देऊ नका, रेंज द्या, मागच्या काही महिन्यांच्या वेगावरून काढलेली, आणि सोबत बर्न-अप चार्ट (झालेलं काम चढत जाताना दाखवणारा आलेख) ज्यात स्कोपची रेषा वेगळी दिसते. टीम हळू चाललीये का काम वाढवलं गेलंय हे भांडण त्या एका चित्रानं मिटतं.

कम्प्लायन्स आणि ऑडिट. तुमच्याकडं बहुतेक रिलीजच्या आधी चेंज ॲडव्हायजरी बोर्ड (बदलांना मंजुरी देणारी समिती) बसत असेल. डोरा या सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या रिसर्चमधे असं आढळलं की बाहेरच्या बोर्डाची मंजुरी लागणाऱ्या टीम हळू असतात आणि त्यांच्या बदलांमधे बिघाडाचं प्रमाण काही कमी नसतं. आश्चर्य वाटायचं कारण नाही, ज्यानं कोड बघितलेला नाही तो काय पकडणार. नियंत्रण कामाच्या आतच घाला. डेफिनिशन ऑफ डन मधे (काम झालं असं कधी म्हणायचं त्या यादीत) लिहा की दुसऱ्या माणसानं कोड तपासल्याशिवाय तो मुख्य कोडमधे मर्ज होणार नाही, सिक्युरिटी स्कॅन पास नसेल तर रिलीजची आपोआप चालणारी पाइपलाइन अडवेल, कुणी काय कधी प्रॉडक्शनला टाकलं याचा लॉग आपोआप राहील. मग ऑडिटरला बोलवा आणि तो लॉग दाखवा. माझा अनुभव असा की ऑडिटर मंडळी याला विरोध करत नाहीत, उलट मागाहून गोळा केलेल्या सह्यांपेक्षा त्यांना हा पुरावा जास्त पटतो, फक्त त्यांना आधी विचारलेलं पाहिजे. कायद्याची तारीख असलेलं किंवा पैशांच्या हिशोबाला हात लावणारं एखादं मोठं रिलीज असेल तर त्याला वेगळी मंजुरी ठेवा, पण बटणाचा रंग बदलायला तीच चाळण लावू नका.

व्हेंडर असेल तर कॉन्ट्रॅक्ट बघा. सगळा स्कोप फिक्स, किंमत फिक्स असं कॉन्ट्रॅक्ट करून वर अजाइल म्हणणं म्हणजे प्रत्येक बदलाला कमर्शियल वाटाघाटी. रकमेला वरची मर्यादा, थोड्या थोड्या टप्प्यांचं काम, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी दंड न भरता बाहेर पडायची सोय, एवढं तरी असू दे. आणि कोड पहिल्या दिवसापासून तुमच्या रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात), नाहीतर बाहेर पडायची सोय कागदावरच राहते.

तुम्ही विचारलंय की कमिटीची मीटिंग किती वेळा आणि त्यात काय. महिन्याला एक, तासभर पुरे, तातडीचं काही असेल तर मधेच, निर्णयासाठी मीटिंगची वाट बघायची नाही. अजेंड्यावर फक्त असे विषय ज्यात काहीतरी ठरवायचंय. चार टीमच्या एकमेकांवरच्या डिपेंडन्सी तिथं आणा, कारण त्या टीमच्या लेव्हलला सुटत नाहीत, कुणाचं काम आधी हे वरच्यांनाच ठरवावं लागतं. टेक्निकल डेटचाही (घाईत केलेल्या कच्च्या कामाच्या साचलेल्या दुरुस्तीचाही) एक कोपरा ठेवा, नाहीतर तो विषय कधीच निघत नाही आणि मग दोन वर्षांनी 'टीम हळू का झाली' म्हणून कमिटी बसते. आणि वर्षातून एकदा स्वतःलाच विचारा की आपण आत्तापर्यंत किती काम मधेच थांबवलं. एकही नसेल तर एकतर तुमच्या सगळ्याच कल्पना अफलातून आहेत किंवा कमिटी फक्त सही करतीये. थांबवणं सोपं नसतं, त्यात कुणाची तरी इज्जत गुंतलेली असते, म्हणून कशावर थांबवायचं ते पैसे सोडतानाच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, तिमाहीच्या शेवटी खऱ्या युजर्सपैकी निम्मेही हे वापरत नसतील तर पुढचे पैसे नाहीत. आधी लिहिलेलं असलं की मग ते कुणाच्या अपमानाचं होत नाही.

सुरुवात कुठून करायची तर चारही टीमवर एकदम प्रयोग नको, एक टीम घ्या, जिचा स्पॉन्सर ऐकून घेणारा आहे. जुना रिपोर्ट लगेच बंद करायला जाऊ नका, फायनान्स घाबरेल. दोन-तीन महिने जुना रिपोर्ट आणि नवीन पद्धत शेजारी शेजारी चालवा, आणि प्रत्येक महिन्याला फायनान्सच्या माणसाला समोर बसवून विचारा की या रिपोर्टमधलं असं काय होतं जे तुम्हाला डेमोत किंवा त्या आकड्यांत दिसलं नाही आणि ज्यावरून तुम्ही काही ठरवलं. काही ना काही निघतंच, बहुतेक वेळा उरलेल्या बजेटचा अंदाज किंवा पुढच्या तिमाहीला लागणारी माणसं. ते नवीन पानावर घ्या. ज्याबद्दल तीन महिने कुणी काही विचारलं नाही तो रकाना काढून टाका, आणि काढताना फायनान्सची लेखी संमती घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी साहेब बदलले की तो परत येतो.